डाव्या दंडाचे दूरगामी परिणाम

विश्रांतवाडीच्या श्यामसुंदररावांनी सकाळी इस्त्रीचा सदरा चढवला, तर डावी बाही दंडात अडकली. उजवी मात्र सरळ गेली. करोनाची लस डाव्याच दंडात घेतली होती. वर्षं लोटली होती, पण "खरे परिणाम नंतरच दिसतात" हे त्यांनी मोबाईलवर कालच वाचलं होतं.

बायकोला, कुसुमताईंना, न सांगता ते खाली तात्यारावांकडे गेले. तात्याराव सोसायटीचे माजी सचिव. त्यांनी लगेच टेप काढली आणि दिसेल त्या ज्येष्ठ नागरिकाचे दंड मोजले. चौघांचे डावे-उजवे दंड कमी-जास्त भरले.

"आता बोला!" तात्याराव म्हणाले.

श्यामसुंदरराव बोलले ते घरी येऊन. दीड वर्षाच्या नातीला त्या दिवशी गोवराची लस द्यायची होती.

"पोरीला सुई टोचू देणार नाही. लांबचे परिणाम कोणी पाहिलेत?"

सून स्पृहा पोरीला टोपी घालत होती. "बाबा, माझ्या ऑफिसात दोघांच्या पोरांना गोवर झालाय. तुम्ही चला आणि हे डॉक्टरांना सांगा. मला जमायचं नाही."

दवाखान्यात डॉक्टर सुरुचींनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही दंड मोजले. सारखे भरले. मग त्यांनी सदऱ्याची डावी बाही उलटी केली.

"ही शिवण कोणी घातली?"

"आईंनी," स्पृहा म्हणाली. "बाही उसवली होती ना परवा."

श्यामसुंदरराव भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहू लागले. तरी माघार घेणं स्वभावात नव्हतं. "ते असू दे. लांबचं काय?"

"त्रास व्हायचाच असेल, तर बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. त्यानंतरही तज्ज्ञ लक्ष ठेवतातच." डॉक्टरांनी त्यांच्या दंडावरच्या जुन्या गोल व्रणावर बोट ठेवलं. "हे काय?"

"देवीची लस. लहानपणची."

"मग? काय परिणाम झाला?"

श्यामसुंदररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "देवी आल्या नाहीत."

नातीला लस दिली. ती जरा रडली आणि डॉक्टरांचा पेन घेऊन गप्प झाली. मग डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, तुमची फ्लूची राहिलीय." नातीसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्यांनी डावा दंड पुढे केला.

सोसायटीच्या फाटकात तात्याराव टेप घेऊन उभेच होते. "काय हो, परिणाम राहतो?"

"राहतो तर! जन्मभर," श्यामसुंदरराव देवीच्या व्रणावर हात ठेवून अभिमानाने म्हणाले. पुढचं वाक्य बोलेपर्यंत तात्यारावांनी एवढंच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं.

संध्याकाळभर श्यामसुंदरराव जिने चढून दारोदार खुलासा करत होते. लस चांगली असते, माझाच दंड बघा, असं म्हणून बाही वर करत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"अहो, पण हा खरंच सुजलाय की!"

श्यामसुंदररावांनी पाहिलं. सुजला होता.

"उद्यापर्यंत उतरेल," ते म्हणाले आणि चौथा मजला चढू लागले.