परशूतात्यांची फायबरची खोली

आमच्या परशूतात्यांना चहाला बोलवायची सोय नाही. माणूस दारात आला की आधी भिंतीवर बोटानं टकटक करतो, कान लावतो आणि डॉक्टरनं वाईट बातमी द्यावी तशी मान हलवतो. "सिमेंट हाय. तडकनार." मगच चपला काढतो. माझ्या वास्तुशांतीलाही त्यांनी भर पंगतीत मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून खांब वाजवला होता. "आत लोखंड हाय न्हवं? गंजनार." त्या दिवशी जिलबी कोणाच्याच घशाखाली नीट उतरली नाही.

तात्या मिरजगावातले माझे सख्खे शेजारी. सगळी नोकरी पुण्याकडच्या एका कारखान्यात, फायबरच्या टाक्या आणि टेम्पोचे टप बनवण्यात गेली. रिटायर होऊन गावी आले ते एकच वाक्य घेऊन. "लोखंड गंजतं, लाकूड किडतं, सिमेंट तडकतं. फायबरला काय बी हुत न्हाई!" हे ते बारशात म्हणत, दशक्रियेतही म्हणत. एका लग्नात तर नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून म्हणाले, "फायबरवानी ऱ्हावा!" नवरी घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली.

मग गेल्या वर्षी त्यांनी अंगणात खोलीच बांधायला घेतली. खांब फायबरचे, तुळया फायबरच्या, भिंती, जमीन, छप्पर, सगळं फायबरचं. काचेच्या धाग्यांची चादर चिकट रसायनात भिजवायची, साच्यावर थापायची, वाळवायची. वाळली की घासायची. हे घासणं सुरू झालं आणि काचेची बारीक कुसळं अख्ख्या आळीत उडाली. माणसं बोलताना एका हातानं नमस्कार करायची आणि दुसऱ्या हातानं पाठ खाजवायची. आमची म्हैस तर दिवसभर लिंबाच्या झाडाला लगटून उभी असायची.

गावाला करमणूक झाली. येता-जाता जो तो विचारायचा, "तात्या, ह्या टाकीत पानी किती मावंल?"

तात्यांनी सरळ मिठाईवाल्या पोपटशेठला बोलावलं. आमच्या गावात पोपटशेठपेक्षा वजनदार फक्त ट्रॅक्टर. त्यांना शिडीनं छपरावर चढवलं आणि मधोमध उभं केलं. छप्पर लवलं. पोपटशेठनी डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं. छप्पर हळूच वर आलं, त्यांच्यासकट.

"बगा! लवतं, पन मोडत न्हाई!" तात्या खालून ओरडले.

पोपटशेठना ते वरखाली होणं इतकं आवडलं की खाली उतरायला तयारच होईनात. शेवटी त्यांच्या बायकोला दुकानातून बोलवून आणावं लागलं.

खोली एका खाटेपुरतीच झाली होती. ती कशासाठी, हे मात्र आम्ही कोणीच विचारलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी सकाळीच तात्यांनी हाळी दिली, "बारा गडी पायजेत!" आम्हाला वाटलं, आता वजन किती कमी आहे ते दाखवणार. खोलीखालून बांबू घातले, खांद्यावर घेतले आणि जोर लावला. खोली उचलली गेली.

आतून आवाज आला, "हळू रे मेल्यांनो!"

पोपटशेठ बांबू सोडता सोडता राहिले. आत गोदाकाकू होत्या, तात्यांच्या मंडळी. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. चाकाची खुर्ची आणली होती, ती नुसती कोपऱ्यात पडून होती.

"कुठं न्यायचीय, तात्या?" मी विचारलं.

"बाजारात."

निघालो. पुढे तात्या, "सरका, सरका, घर येतंय!" असं ओरडत. हायवेवर एसटी थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घेतलं. चौकातल्या पोलिसाला आम्हाला अडवावं की वाट करून द्यावी ते ठरवता येईना, म्हणून त्यानं नुसतीच शिट्टी वाजवली.

भाजीवाल्यांच्या रांगेला लागून आम्ही खोली टेकवली. घाम पुसत मी तात्यांना म्हणालो, "अहो, खुर्चीत बसवून आणलं असतं की! एवढा खटाटोप कशाला?"

तात्या खोलीपासून जरा लांब आले. आवाज खाली आणून म्हणाले, "खुर्चीत बसंना. तोंड वाकडं झालंय, लोक बगत्यात म्हनती. आवो, आदी हिनं घासाघीस केल्याबिगर ह्यो बाजार उटत नव्हता. लई समजावलं. म्हनली, मी घर सोडनार न्हाई. मंग म्हनलं, ऱ्हाऊ दे. घरच न्यावं."

खिडकीला बारीक जाळी होती. आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं काही नाही. शेजारची भाजीवाली बिचकून त्या खोलीकडे बघत मेथीवर पाणी शिंपडत होती.

"काय गं ए," एकदम जाळीतून आवाज आला, जरा बोबडा, पण खणखणीत. "ही मेथी हाय का गवात? म्हशीला तरी घालशील का?"

भाजीवालीनं इकडंतिकडं बघितलं, मग कमरेवर हात ठेवून खोलीकडेच तोंड केलं. "घ्यायची तर घ्या मावशी, नावं ठिवू नका!"

"तुजी जुडी बग आन् तुजा भाव बग!"

माणसं जमली. पोपटशेठ खो खो हसायला लागले. मीही काहीतरी बोलायला गेलो, तर तात्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"गप जरा," ते म्हणाले. "ऐकू द्या. लई दिसांनी भांडतीय."