सगुणाने नेलेल्या दोन हाका

दर बुधवारी अकरा वाजता पाच कुत्री निवारा केंद्रात येत, मुलांशी तासभर खेळत आणि जाताना काही मुलांची भीती सोबत घेऊन जात. भीती नेल्याची पोच म्हणून ती कागदावर पंजा उमटवून देत. केंद्रप्रमुख कुंदा बर्गे यांना पहिल्या बुधवारी यात एकच गोष्ट खटकली होती. पंजाखाली तारीख नव्हती. ती त्यांनी घालायला लावली.

केंद्र म्हणजे तालुक्याचं एक मंगल कार्यालय. भोकरओढा गावावर दरड कोसळून डोंगर आला तेव्हा लग्नसराई संपलेली होती, म्हणून तेवढी एकच मोठी जागा रिकामी मिळाली. वाचलेल्या बाया वधूपक्षाच्या खोल्यांत राहिल्या, पुरुष वरपक्षाच्या. ज्यांच्या घरचं कुणीच उरलं नव्हतं अशी सतरा मुलं मधल्या सभागृहात, थर्माकोलच्या ‘शुभविवाह’खाली झोपत. ती अक्षरं काढायला कुणाला सवड झाली नाही. कुंदाबाई मूळच्या तहसील कचेरीतल्या अव्वल कारकून. तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ, त्यामुळे नको ती कामं नेहमी त्यांच्याच गळ्यात पडत.

कुत्र्यांबरोबर टिळेकर नावाचे एक शांत गृहस्थ येत. एका कुत्र्याला चार मुलांची भीती झेपते, त्याहून जास्त लादू नये, असा त्यांचा नियम होता. कुत्री आधी चेंडू आणत, हात मिळवत, गोल फिरून दाखवत. मुलं हसू लागली की एखादं कुत्रं हळूच एका मुलाच्या मांडीवर डोकं ठेवी. कामाला तीन-चार मिनिटं लागत.

दगडू नावाच्या मुलाची भीती बंड्या नावाच्या कुत्र्याने नेली. डोंगर पाठीमागून येतो, अशी ती होती. त्या दिवसापासून बंड्या डोंगराकडे पाठ करून बसेना. गाडीतसुद्धा तो मागच्या काचेला नाक लावून उभा राही. दगडू मात्र मजेत डोंगराकडे पाठ करून जेवू लागला. फक्त आईचं नाव विचारलं की म्हणे, “थांबा, आठवून सांगतो.”

“हे असं कसं?” कुंदाबाईंनी विचारलं होतं.

“पांघरूण ओढलं की कधीकधी उशीही येते, बाई,” टिळेकर म्हणाले. “पोचेवर तसं छापलेलंच आहे, खाली, बारीक अक्षरांत.”

सातव्या बुधवारपर्यंत सोळा मुलं झाली. राहिली एकटी मैना. वय नऊ. ती सात आठवडे आडवी झाली नव्हती. सभागृहाच्या पुढच्या मोठ्या दाराशी भिंतीला टेकून, कान देऊन बसायची. जेवण तिथेच नेऊन द्यावं लागे आणि त्यातलं निम्मं परत येई. तिची मनगटं इतकी बारीक झाली होती की कुंदाबाईंना ती बघवत नसत. शुक्रवारी सगळ्या मुलांना आश्रमशाळेत हलवायचं होतं आणि शाळेचं पत्र स्पष्ट होतं. भीतीसह प्रवेश मिळणार नाही, पोच सोबत जोडावी.

त्या बुधवारी कुंदाबाई फरशीवर तिच्याशेजारी बसल्या. गुडघे करकरले.

“का गं देत नाहीस? सोळा जणांनी दिली. कुणाचं काही दुखलं का?”

“माजी नाय द्यायची.”

“अगं, पण आहे तरी कसली?”

मैनेने दारावरची नजर काढली नाही. “आय गोठ्यात गेलती, शेरडं सोडाया. तिथनं तिनं हाक मारली. दोनदा.”

पुढचं कुंदाबाईंना न सांगता कळलं. रात्री कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हे त्यांच्याही आईने त्यांना शिकवलं होतं. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. ते जे दुसरं असतं, ते दोनदाच मारतं.

“मी तिसरीची वाट बघत बसले,” मैना म्हणाली. “मग डोंगर आला.”

घराची एकच भिंत राहिली होती. मैना तिच्याआड सापडली.

“आता ह्ये भ्या दिलं, आन् मागनं तिसरी हाक आली तर? ओ कोन देनार?”

प्रश्न रास्त होता. कुंदाबाईंनी तो टिळेकरांपुढे ठेवला. टिळेकरांनी सगुणाला बोलावलं. ही त्यांची सर्वांत जुनी कुत्री, तपकिरी, तोंडावर पांढरी झालेली.

“सगुणाचे कान तिखट आहेत. हाक आली तर ती तुझ्याआधी ऐकेल.”

“ऐकंल. पर ओ कशी देनार?”

टिळेकरांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून चाळलं. “ओ देण्याची तरतूद नाही,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

“ओ मी देईन,” कुंदाबाई म्हणाल्या. काम उरकावं म्हणून म्हणाल्या, खोटं कशाला बोला. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

मैनेने पहिल्यांदाच दारावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. “मोठ्यानं द्यायची. आयला कमी ऐकू येतं.”

“मोठ्याने देईन.”

मग मैनेने मांडी घातली. सगुणाने तिच्यावर डोकं ठेवलं. दोघींचे डोळे मिटले. मैनेचे खांदे हळूहळू खाली आले, आणि ते खाली येत गेले तसतसे सगुणाचे कान वर होत गेले. पाच मिनिटांनी कुत्री उठली, दाराशी गेली आणि भिंतीला टेकून, मैना बसायची त्याच जागी बसली.

मैनेने भलीमोठी जांभई दिली. “बाई, भूक लागली,” ती म्हणाली.

पंगत बसली. मैनेने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. ते बघून कुंदाबाईंचे डोळे भरून आले. सात आठवड्यांत त्यांना एवढं बरं वाटलं नव्हतं. तिकडे सगुणा मात्र दारावरून हलेना. टिळेकरांनी शीळ घातली, बिस्कीट दाखवलं, शेवटी दोन्ही हातांनी ढकललं. कुत्री जणू फरशीत चिणली होती. पोचेवर पंजाही देईना. गाडीतली चार कुत्री डोंगराकडे तोंड करून उभी होती आणि त्यांच्यातलं एकही भुंकत नव्हतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी हाक आली.

“मैनेऽऽ!”

ऊन लख्ख होतं. हाक डोंगराकडून आली, लांबून, शेरडं हाकणाऱ्या बाईच्या मोकळ्या गळ्याची. वधूपक्षाच्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. वाढायला उभी असलेली एक म्हातारी “तारा, मैनेची आय,” एवढंच बोलली आणि तिने तोंडावर पदर धरला.

मैनेने मान वर केली. “कुनालातरी हाक मारत्यात,” ती म्हणाली, आणि तिने ताकाची वाटी तोंडाला लावली.

सगुणा उभी राहिली. तिने तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही. मग तिने वळून कुंदाबाईंकडे पाहिलं.

तीस वर्षांच्या नोकरीत कुंदाबाई कुणाला भ्यायल्या नव्हत्या, साहेबाला नाही की पुढाऱ्याला नाही. आता भ्यायल्या.

“टिळेकर,” त्या हळूच म्हणाल्या, “बंड्यावर एखादी जागा शिल्लक आहे का हो?”

“आहे, बाई. पण कर्मचाऱ्यांना लागू नाही.”

कुंदाबाई दारात गेल्या. चौथी हाक नसते, हे त्यांना ठाऊक होतं. एका हाताने चौकट धरून त्यांनी छाती भरून घेतली.

“ओऽऽ!”

थोडा वेळ नुसतंच ऊन होतं. मग उत्तर आलं, आणि ते इतक्या लांबून आलं नाही. बोलणारी बाई अंगणाच्या फाटकापाशी असावी. फाटकापाशी कुणी नव्हतं.

“दाराला कडी घाल गं,” ती म्हणाली. “मला यायला उशीर हुईल.”

“बरं,” कुंदाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

सगुणाने अंग झटकलं, टिळेकरांच्या कागदावर पंजा दिला आणि स्वतःहून गाडीत जाऊन बसली. कुंदाबाईंनी तारीख घातली. मग त्या मैनेजवळ आल्या.

“मैना, तुला निरोप आहे. दाराला कडी घाल. यायला उशीर होईल.”

“कुनाला उशीर हुईल?”

नाव कुंदाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण पोचेवरची शाई ओली होती, आणि समोर पोर हात चाटत होती, गालांवर रंग आला होता. त्यांनी नाव गिळलं. आयुष्यात त्यांना कुठली गोष्ट इतकी जड गेली नव्हती.

“घरातल्या माणसाला,” त्या म्हणाल्या.

“बरं,” मैना म्हणाली. तिने हात धुतले आणि लग्नातली एक लाल खुर्ची दाराशी ओढत नेली. कडी उंचावर होती. कुंदाबाईंनी खुर्ची धरली. मैनेने टाचा उचलून कडी घातली, दोनदा ओढून बघितली, खाली उतरली आणि चटईवर जाऊन आडवी झाली. ती शुक्रवारी सकाळी उठली, थेट आश्रमशाळेची गाडी आल्यावर.

केंद्र बंद झालं, माणसं पांगली, दाराची कडी मात्र कुणी काढली नाही. पुढच्या वर्षी कार्यालयात पुन्हा लग्नं लागू लागली. वऱ्हाड वधूपक्षाच्या दाराने आत येतं आणि त्याच दाराने जातं. वरात समोर आली की नवऱ्यामुलाकडची माणसं हमखास विचारतात, मधल्या सभागृहाचं एवढं मोठं दार बंद का? मालक त्यांना कुंदाबाईंकडे पाठवतो. त्या निवृत्त झाल्या आहेत. दिवसभर त्या दाराच्या आतल्या बाजूला लाल खुर्ची टाकून बसतात.

“घरातलं माणूस यायचं आहे,” त्या सांगतात. “आलं की काढू.”

हे ऐकून बायका मान डोलावतात, पोरांना दारापासून लांब घेतात आणि अक्षता वाटायला लागतात.