जगदेवांच्या काळजातला जिन

हार्ट अटॅकमधून जगदेव वाचले, पण त्यांचं मीठ बंद झालं. मग आपण नेमके वाचलो कशासाठी, असा प्रश्न त्यांना दोन्ही वेळच्या ताटावर पडू लागला. वाशीमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की झटक्यानं हृदयाचा एक भाग निकामी झालाय आणि उरलेल्याला सगळा गाडा ओढावा लागतोय. तेव्हा गोळ्या वेळेवर, मीठ अगदी कमी आणि रोज थोडं चालणं. मंगरूळपीरजवळच्या त्यांच्या गावात जगदेवांच्या आवाजानं बैल दचकत. पण कस्तुराबाईंनी मिठाचा डबा कपाटात कुलूपबंद केला, तेव्हा त्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही.

अमरावतीला कॉलेजात शिकणारी नात, वैभवी, सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "आबा, तुमच्यासारख्या कमजोर हृदयावर आता जीन थेरपी शोधून राह्यले. एक जीन घ्यायचा, तो बिनत्रासाच्या विषाणूत भरायचा अन् सरळ हृदयात सोडायचा. जनावरांवर करून पाह्यलं, त्यांचं हृदय पुन्हा जोरात चालाले लागलं."

भाकरी थापता थापता कस्तुराबाईंचा हात थांबला. "जिन? काळजात सोडतेत?"

"हो आजी, पण अजून..." एवढ्यात तिचा फोन वाजला, आणि राहिलेलं वाक्य तिच्याबरोबर अंगणात निघून गेलं.

वैभवी अमरावतीला परतली. मग जगदेव तपासणीला वाशीमला जाऊन आले. एस.टी.नं हाडं खिळखिळी झालेली आणि पोटात कावळे ओरडत असलेले. कस्तुराबाईंनी दारातच गाठलं. "आवो, सोडला का तो जिन?"

जगदेव 'नाही' म्हणणारच होते. तेवढ्यात आतून अळणी वरणाचा वास आला.

"हाव, सोडला."

"मंग? काय म्हणते?"

"भुकेला हाय. अन् अळणी खात नाई म्हणते."

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे क्षणभर नुसतं पाहिलं आणि त्या आत गेल्या. रात्री ताटात वांग्याचं भरीत आलं, ठेचा आला. त्यांनी कुलूप काढून मिठाचा डबा खडखडा वाजवला. जगदेव बोटं चाटत जेवले.

"झालं का जिनाचं पोट भरून?"

"त्याचं झालं. माह्यं थोडं राह्यलं."

हे सगळं शेजारच्या शीलानं कुंपणापलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. "भाऊजी, माही बकरी हरवली. जरा तुमच्या जिनाले पुसा ना."

"तो झोपला हाय," जगदेव म्हणाले. "उठला की पाहीन."

संध्याकाळी बकरी आपल्या पायानं घरी आली आणि त्याचं श्रेय जिनाला गेलं. मग कुणी रडकं पोर घेऊन आलं, कुणी मुलाच्या लग्नाचं विचारून गेलं. जगदेव डोळे मिटून 'हूं' म्हणत. ताटात रोज काहीतरी झणझणीत येत होतं, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती.

मग जवळच्या तांड्यावरून त्यांचा जुना दोस्त उदयसिंग आला. "जगदेवभाऊ, पाणाड्यानं पाण्याची जागा दाखवली, तिथं निसती धूळ निघाली. आता तुह्या जिनानं जागा सांगावी. बोअरची गाडी रस्त्यावर उभी हाय."

अंगणात माणसं जमलेली. "निंबाखाली म्हणते," जगदेव कसंबसं बोलले.

उदयसिंग खुशीत उठला, चपला घालून फाटकापर्यंत गेला. एवढ्या भरवशानं चाललेली ती पाठ जगदेवांना पाहवेना.

"थांब, उदयसिंग! जिन-बिन काई नाई. मी ठेच्यासाठी खोटं बोललो."

जगदेवांनी भीत भीत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कस्तुराबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"त्याच दिवशी वैभवीले फोन केला. ते औषध अजून माणसाले भेटतच नाई म्हणे. शोध चालू हाय."

"मंग तू मले मीठ काहून देल्लं?"

"कोनं देल्लं? लिंबू पिळलं, लसूण घातला. डबा निसता वाजवला."

सगळ्यात मोठ्यानं उदयसिंग हसला. "भाऊ, तुही सुटका नाई! मी गाडी वापस धाडतो." हसत हसतच तो गेला, आणि त्याच्यामागून बाकीचेही.

जगदेव खाटेवर मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "येवढं मालूम होतं, तं मले बोलली काहून नाई?"

"कशी बोलू? दवाखान्यातून आल्यापासून तुमी पयल्यांदा पोटभर जेवून राह्यले होते."

कस्तुराबाईंनी सूप ठेवलं, पदर खोचला. "वैभवी म्हणते, ते औषध कवा येईन सांगता येत नाई. तवर माणूस टिकला पायजे. उठा, नाल्यापर्यंत जाऊन येऊ."

लग्नापासून जगदेव पुढे आणि कस्तुराबाई मागे, अशीच चाल होती. आज शाळेच्या वळणापाशीच जगदेवांचं पाऊल मंदावलं. ते दगडावर टेकले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "जरा थांब. जिनाले दम लागला."

"बसू द्या त्याले," कस्तुराबाई शेजारी बसत म्हणाल्या. "आपल्याले कोनती घाई हाय?"