चिंचेच्या झाडाचं मत

अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, आमच्या लालबागच्या चाळीत चिंचेचं एक झाड आहे, ते दुसऱ्या मजल्यावर राहतं आणि रोज सकाळी आपलं दूध आपणच आणतं. त्याचं नाव बाबल परब.

हसू नका. बाबलकाकांना हसलेलं चालतं, झाडाला हसलेलं चालत नाही.

त्याचं असं आहे. आमच्याकडे सत्यनारायणाच्या पूजेला दरवर्षी एकच नाटक होतं, 'चिंचेवरची मंजुळा'. चाळीतल्याच एका गिरणी कामगाराने कधीकाळी लिहिलेलं. मंजुळा ही हडळ. गंमत म्हणून ती एका गरीब कारकुनावर मंत्र टाकते, तो तिच्यापायी वेडा होतो आणि मग बाईसाहेब स्वतःच त्याच्या प्रेमात पडतात. प्रेमात पडली की हडळीचे उलटे पाय सरळ होतात, मंत्र उतरतो, कारकून शुद्धीवर येतो. आता तो पळणार की राहणार?

तो राहतो. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तरीही त्या जागी दरवर्षी अख्खी चाळ श्वास रोखते. टॉवरमध्ये राहायला गेलेली मंडळी त्या दिवशी आमच्या चौकात येऊन चटईवर जागा धरतात. कोणीतरी कुठल्याही मंत्राशिवाय आपल्यापाशी राहिलं, हे पुन्हा पुन्हा बघायला माणसाला आवडत असावं.

या नाटकातलं झाड प्लायवुडचं. ते पडू नये म्हणून मागे कोणीतरी धरून उभं राहावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे बाबलकाका, मिसरूड फुटल्यापासून. नोकरी शिवडीच्या गोदामात राखणदाराची केली, तीही सरावासाठीच, असा आम्हाला संशय आहे. दुधाच्या रांगेत असे निश्चल उभे राहतात की एकदा एका कावळ्याने त्यांच्या खांद्यावर बसून पाव संपवला. मी हाकलायला गेलो तर ओठ न हलवता म्हणाले, "रवांदे. झाडाने हलूचा नसता."

एका वर्षी प्रयोगात वीज गेली. सगळे चहाला पांगले. परत येऊन बघतो तर काका काळोखात झाड धरून उभे.

"अहो काका, सोडायचं ना!"

"पडदो खंय पडलो?"

त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य म्हणजे "झाडाला मत नसतं." वडा खाणार की भजी? झाडाला मत नसतं. सून चुकली की सासू? झाडाला मत नसतं. लग्न का नाही केलंत? तेच.

मंजुळेचं काम पहिल्यापासून नलूताई राण्यांचं. शाळेतल्या निवृत्त बाई. भावांची लग्नं लावता लावता त्यांचं स्वतःचं राहून गेलं. नायक मात्र बदलत गेले. कोणाला टक्कल पडलं, कोणी विरारला गेला. सध्या मी आहे. नायिका पासष्टीच्या पुढची, नायक पन्नाशीचा, आणि नायकाची बायको पहिल्या रांगेत बसून शिट्ट्या मारते.

हडळीचे पाय बनवायचे बाबलकाकाच. कागदाच्या लगद्याची पावलं, दरवर्षी नवी. नखांना लाल रंग. ती ताईंच्या टाचांना मागून बांधायची, खरी बोटं साडीखाली लपवायची. प्रेमाच्या प्रवेशात दिवे जातात, ताई झाडाला टेकतात आणि काका मागच्या मागे गाठी सोडतात. दिवे लागले की पाय सरळ!

यंदा धाकट्या भावाने नलूताईंना कायमचं पनवेलला बोलावलं. पूजा झाली की सामान हलणार होतं. म्हणजे मंजुळेचा हा शेवटचा प्रयोग. मी काकांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"झाडाला मत नसतं," काका म्हणाले आणि रंगवून झालेली नखं पुन्हा रंगवू लागले.

प्रयोग झकास चालला होता. दिवे गेले. चाळीने श्वास रोखला. दिवे लागले. ताईंनी ऐटीत साडी उचलली. "बघ राजा, झाले की नाही सरळ!"

पाय उलटेच!

चौकात हशा उसळला. मी मंजुळेला घालायचा हार सावरत म्हटलं, "मंजुळे, प्रेम थोडं कमी पडलं वाटतं!" बायकोने दोन बोटं तोंडात घातली.

ताई दातांतून फुसफुसल्या, "बाबल, गाठी सोड!"

गाठी तशाच.

"बाबल! झोपलंस काय मेल्या?"

झाड थरथरलं. वरून दोन पुठ्ठ्याच्या चिंचा पडल्या. मग मागून आवाज आला. माइक झाडालाच बांधलेला, त्यामुळे तो टॉवरच्या गच्चीपर्यंत गेला.

"नाय सोडूचंय. पाय सरळ झाले की तू पनवेलाक जातलंस."

माझ्या बायकोची शिट्टी तोंडातच राहिली. मी हार घेऊन उभा. आता खरं झाड मीच होतो.

नलूताई गर्रकन मागे वळल्या. आम्हा सगळ्यांकडे आता फक्त कागदाची लाल नखं बघत होती. त्यांनी प्लायवुड दोन्ही हातांनी बाजूला सारलं. मागे बनियनवर, घामाने निथळत, डोळे घट्ट मिटून आमचं झाड उभं होतं. आणि ज्या आवाजाने सहावीचा वर्ग गार पडायचा, त्या आवाजात ताई ओरडल्या,

"मेल्या, इतकी वर्सां झाड धरून उभो रवलंस, एकदा इचारूक काय झाला हुता तुका?"