बिनभोकांची बटणं

शिंपीमास्तरांची बायको सदऱ्याला बटण लावत होती, पण सुई काही केल्या आत जाईना. तिने चष्मा पुसला, बटण उलटंपालटं केलं, उजेडात धरलं. बटणाला भोकंच नव्हती. डब्यात हात घातला, तर तसलीच आणखी मूठभर निघाली.

"अहो, बटणवाल्याने गंडवलं आपल्याला!"

शिलाई मशीनवर वाकलेले मास्तर दचकले. "जाऊ दे गं. टाकून दे."

"टाकून काय दे? चांगला जाब विचारते!"

तिने तिथल्या तिथे फोन लावून बटणवाल्याची अशी काही हजेरी घेतली, की तो भरल्या ताटावरून उठून आला. मास्तरांनी दारातच त्याला डोळ्यांनी खुणावून पाहिलं. पण आपल्या मालाला नावं ठेवलेली ऐकून आलेल्या माणसाला खाणाखुणा कुठल्या दिसायला! त्याने ते बटण नखाने खरवडलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ही तर हृदयाची गोळी! मलाही हीच दिलीय डॉक्टरांनी."

मशीन थांबलं. गेल्या वर्षी मास्तरांना झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या जन्मभर घ्यायला सांगितल्या होत्या. रोज सकाळी बायको चष्मा न लावताच पाकिटातली गोळी त्यांच्या हातावर ठेवी. मास्तर हात तोंडाकडे नेत, वर पेलाभर पाणी पीत आणि मूठ मिटूनच कामाच्या खोलीत, बटणांच्या डब्याकडे सटकत. ती बिचारी समाधानाने भांड्यांकडे वळे.

"मास्तर, लहान आहात का?" बटणवाला कडाडला. "डॉक्टर काय वेडे म्हणून लिहून देतात?"

"पण मला काही होतच नाहीये," मास्तर पुटपुटले. "उसवलंच नाही, तर टाके कशाला घालायचे? आणि गोळी घेतली की आठवतं, आपण आजारी आहोत. नाही घेतली, तर दिवसभर विसरायला होतं."

बायको चिडली नाही. चिडली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही विसरता हो," सदऱ्याची घडी घालत ती म्हणाली. "मी रात्री उठून तुमच्या नाकापुढे हात धरते. हाताला श्वास लागला, की परत पडते. गोळी चालू आहे, एवढाच काय तो धीर होता मला."

आपण फक्त डॉक्टरांना फसवतोय, असं मास्तरांना आजवर वाटत होतं. त्यांनी आतून पाकीट आणलं, ते फोडून तिच्यासमोर गोळी गिळली आणि कुणी सांगितलं नसताना जीभ वर करून तोंड उघडून दाखवलं.

"पुरे," ती म्हणाली. डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं. आणि सगळं खरं सांगायचं."

बटणवाला मात्र जागचा हलेना. घसा खाकरत, खिसे चाचपत उभाच राहिला.

"भाऊजी, जेवण राहिलंय ना तुमचं?"

"हो, निघतो." त्याने खिशातून चुरगळलेलं, पण एकही गोळी न काढलेलं पाकीट बाहेर काढलं. "वहिनी, जरा पेलाभर पाणी द्याल का?"

मास्तरांनीच पेला भरून आणला.

"आमची हीपण रात्री उठते," तो खालमानेने म्हणाला. "मला वाटायचं, तिला तहान लागते."