बेडकीची स्वारी आणि आत्याबाईंची पिवळी छत्री

ज्यांनी ही हकीकत डोळ्यांनी पाहिली ते हसल्यावाचून सांगत नाहीत, आणि ज्यांनी पाहिली नाही ते तिखटमीठ लावल्यावाचून सांगत नाहीत, सबब जैसे घडले तैसे, पदरचे एक अक्षर न घालता, पुढील पिढ्यांचे माहितीस्तव येथे लिहून ठेविले असे. वाचणाऱ्यांनी गांभीर्य राखावे. न राखवल्यास तोंडाला रुमाल लावावा.

खाडीकाठच्या संशोधनशाळेच्या तळमजल्यावर, जेथे पत्र्याखाली ग्रीसचा आणि खाऱ्या पाण्याचा वास गुण्यागोविंदाने नांदतो, तेथे ताईसाहेब म्हणून एक अभियंता कारभार पाहात असत. त्यांनी तीन वर्षे जिवाचे रान करून एक वाहन सिद्ध केले, पाण्यात नाव आणि काठावर गाडी, पोटात मोटर आणि माथ्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे ऐसा कॉम्प्युटर की दर्यात परकी नौका दिसताच माणसावाचून तिला ओळखावे, मग बारा हात अंतर राखून तिचा पिच्छा पुरवावा, आणि कर्ण्यातून तिचे नावगाव पुसावे. कागदोपत्री नाव 'स्वयंचलित जलस्थलगामी टेहळणी वाहन', परंतु इतके उच्चारेपर्यंत परकी नौका मुलूख ओलांडून जाईल, म्हणोन सारे तिला बेडकी म्हणत. तिच्या चाकांचा आणि मोटरचा बंदोबस्त एका बुजुर्ग मिस्त्रींकडे होता, ज्यांस अवघी शाळा वंगणपंत म्हणे, आणि ज्यांचे खरे नाव हजेरीपटास तेवढे ठाऊक होते.

आता छत्रीचा मजकूर. यंत्रास नौका शिकवावी तर नौकांची हजारो चित्रे पाहिजेत, आणि चित्रातील नौका केवढी हे कळावे म्हणोन प्रत्येक नौकेवर मोजमापाची काठी उभी दिसली पाहिजे, हा शाळेचा जुना दंडक. काठी भांडारात, किल्ली भांडाऱ्यापाशी, आणि भांडारी प्रदीर्घ रजेवर. मग ताईसाहेबांच्या आत्याबाई, ज्या डबा पोचवावयास आल्या होत्या, त्यांनी आपली पिवळी छत्री पुढे केली. ती उघडून मोजिली, बरोबर एक मीटर भरली, आणि तेथून दीड वर्ष आत्याबाई खाडीतील एकूण एक नौकेवर चढल्या, छत्री उघडून उभ्या राहिल्या, आणि ताईसाहेबांनी काठावरून अठरा हजार चित्रे घेतली. ज्या चित्रांत नौका नव्हती, नुसते पाणी, खडक अथवा पाखरे होती, तेथे मोजण्याजोगे काही नाही म्हणोन आत्याबाईंस सावलीत बसविले. इतकी शिस्त राखिली, आणि त्या शिस्तीतच घात होता, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

त्याउपरी सरपरीक्षक साहेबांचे फर्मान सुटले की, सोमवारी दहाचे सुमारास एक निळी नौका खाडीत शिरेल, बेडकीने ती हुडकून पाठलाग करावा. न जमल्यास बेडकी खोलून चाके बागेच्या गाडीस द्यावी, मोटर कॅन्टीनच्या पंपास जोडावी, आणि ताईसाहेबांची रवानगी बिजागरी विभागात व्हावी, जेथे एक दार दिवसातून चार हजार वेळा उघडून मिटतात आणि नोंद ठेवितात. ताईसाहेबांस अन्न गोड लागेना. बेडकीच्या पोटातला एकेक स्क्रू त्यांच्या हातचा.

सोमवार उगवला. बेडकी पाण्यात उतरली, निळी नौका तिच्या नाकासमोरून गेली, आणि उसने मागणारा शेजारी रस्त्यात दिसता माणूस जैसे पाहून न पाहिल्यासारखे करते, तैसे बेडकीने केले. परीक्षकांनी भुवया चढविल्या. इतक्यात धक्क्यावर ऊन चढले, आणि तेथे परीक्षा पाहावयास आलेल्या आत्याबाईंनी छत्री उघडली.

मग काय वर्णावे! बेडकी गर्रकन वळली, पाणी कापीत निघाली, धक्क्याच्या उतारावर चाके टेकून वर आली, आणि बारा हातांवर थांबून कर्ण्यातून गर्जली, "अनोळखी नौके, आपण कुठे निघालात?"

"अगंबाई! घरी निघालेय. आणि नौका कुणाला म्हणतेस गं?"

आत्याबाईंनी पाऊल उचलले, बेडकीने चाक उचलले. आत्याबाई वाहनतळावरून, बेडकी मागे. आत्याबाई व्हरांड्यातून, बेडकी मागे. तिच्यामागे वही घेऊन सरपरीक्षक, त्यांच्यामागे हात जोडीत वंगणपंत, आणि अवघी फौज कॅन्टीनात शिरली, तेथे बेडकीने सत्तावीस खुर्च्या चुकविल्या आणि एका कपातली चहाची साय हलू दिली नाही. आत्याबाई दम खाण्यास थांबल्या, तीही थांबली.

"आपल्याबरोबर किती माणसं आहेत?"

"एकटीच आहे बाई. यांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"माल काय आहे?"

"गुडघ्याचं मलम. हवंय का तुला?"

"आत्या, छत्री मीट!" ताईसाहेब ओरडल्या. छत्री मिटली, आणि बेडकीने कॅमेरा डावीकडे फिरविला, उजवीकडे फिरविला, आणि जत्रेत कोणाचे बोट सुटावे तैसी जागीच उभी राहिली. तेव्हा ताईसाहेबांस सारा उलगडा जाहला. यंत्र नौका शिकलेच नव्हते. अठरा हजार चित्रांत जे एक नेमाने होते, तेवढे ते शिकले होते.

सरपरीक्षक साहेब मात्र घाम पुशीत हर्षभरित जाहले आणि पुसते जाहले की हे जमिनीवरचे लक्ष्य आपणच योजिले होते ना? वंगणपंतांनी मागून कोपर मारिले आणि ओठांत म्हटले, "हो म्हणा ताई. माझ्या गळ्याची शपथ, हो म्हणा."

एका 'हो'त बेडकी वाचत होती. परंतु ताईसाहेबांनी उघडा दर्या मनात आणिला, त्यात खरी परकी नौका खुशाल निघून जाते आहे आणि बेडकी किनाऱ्यावर कोण्या म्हातारीला बारा हातांवरून माल पुसते आहे ऐसे पाहिले, आणि मान खाली घातली.

"नाही साहेब. तिला नौका कळतच नाही. तिला फक्त माझ्या आत्याची छत्री कळते."

मग साहेबांचा निवाडा जाहला की, चाके आणि मोटर पास, डोळा नापास, तीन महिन्यांची मोहलत, पुन्हा चूक झाल्यास खोलणे. आणि जाता जाता साहेबांनी मलमाचे नाव टिपून घेतले.

मोहीम नव्याने मांडिली. नौकांची छत्रीवाचून चित्रे घेतली, आणि छत्रीची नौकेवाचून घेतली. आत्याबाई बसथांब्यावर, आत्याबाई दवाखान्याच्या रांगेत, आत्याबाई जिन्यावर, ऐसी नऊ हजार, आणि प्रत्येकीखाली ताईसाहेबांनी 'नौका नव्हे' ऐसे लिहिले. आत्याबाईंनी एकदा पडद्यात डोकावून म्हटले, "मी नौका नाही हे नऊ हजारदा लिहायचं होय? एकदा सांगून कळत नाही तिला?"

परंतु त्या तीन महिन्यांत, नवी विद्या अजून यंत्रात भरावयाची होती तोवर, आत्याबाई दररोज दुपारी छत्री उघडून अंगणात एक फेरी मारीत, आणि बेडकी बारा हातांवरून सोबत चाले, कुठे निघालात ते पुसे, आणि आत्याबाई रोज निराळे उत्तर देत. कधी माहेरी, कधी सिनेमाला, एकदा चंद्रावर. ताईसाहेब खिडकीतून पाहात आणि त्यांचा हात कळफलकावर अडखळे. आत्याबाईंनी ते ताडिले.

"भर बाई तिच्यात काय भरायचंय ते. माझ्या पायी तुझी बेडकी पंपाला जुंपायची का?"

मग विद्या भरिली, आणि नेमल्या दिवशी आत्याबाई आपण होऊन धक्क्याच्या टोकाशी, उन्हात, छत्री पुरी उघडून उभ्या राहिल्या, की परीक्षा व्हावी तर खरी व्हावी. बेडकी आली. कॅमेरा छत्रीवरून फिरला, क्षणमात्र थबकला, वंगणपंतांनी डोळे मिटून घेतले, आणि बेडकी पुढे निघून पाण्यात उतरली. अकराव्या मिनिटास लांब पाण्यावरून कर्णा ऐकू आला, निळ्या नौकेस नावगाव पुसत होता.

"गेली," आत्याबाई म्हणाल्या. "मेलीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही." ताईसाहेबांनी त्यांचा हात धरिला, तो सोडवून त्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. आनंदाने की कशाने, याविषयी साक्षीदारांत एकमत नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. बेडकी शाबूत राहिली, बिजागरी विभागाची खुर्ची रिकामी राहिली. परकी नौका एक, ती ओळखिली. घरची आत्या एक, ती ओळखिली नाही. दोन्ही कामे बिनचूक, म्हणोन साहेबांच्या सहीशिक्क्यानिशी दप्तरी दाखल केले असे.