नाकावरून घराणे

माणूस गेला की त्याचे सर्व काही जाते. नाक तेवढे मागे राहते. हा नियम अर्थात ज्यांनी हयातीत स्वतःचे पदक ओतून घेतले त्यांनाच लागू आहे. बाकीच्यांचे नाकही जाते.

आमच्या ऑग्सबर्ग शहरात पाचशे वर्षांपूर्वी ही सोय उत्तम होती. उमराव मंडळी येत, कारागिरासमोर एक बाजू करून बसत आणि काही दिवसांनी ब्राँझची चकती घेऊन जात. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घराण्याचे चिन्ह. (चेहरा समोरून काढून घेण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. ती पदके पाहिली की बाकीच्यांचा शहाणपणा कळतो.) ही पदके शौर्याबद्दल नव्हती. नुसते असण्याबद्दल होती.

अशी पदके जमवून त्यांच्यावर संशोधन करणारे आमचे मंडळ दर गुरुवारी ‘सोनेरी हंस’ खानावळीच्या मागच्या खोलीत भरते. सभासद एकोणीस. त्यांपैकी अकरा जणांना कमी ऐकू येते, त्यामुळे आमचे मतभेद टिकाऊ असतात. अध्यक्ष डॉक्टर ओटोकार प्लांक हे निवृत्त दंतवैद्य. पदकावरची हनुवटी पाहून ते त्या व्यक्तीच्या किती दाढा किडल्या होत्या ते सांगतात, आणि आजवर एकाही मृताने त्यांना खोटे ठरवलेले नाही. उपाध्यक्ष लाम्पल हे कस्टम खात्यात होते. ते पदकापेक्षा ते आणणाऱ्याकडे जास्त वेळ पाहतात.

कामाची पद्धत शास्त्रीय आहे. हिरव्या बनातीचे एक तबक टेबलावरून फिरते. प्रत्येकाने खिशातले एक पदक त्यात ठेवायचे. ज्याचे पदक असेल त्याने ओळख पटेपर्यंत तोंड उघडायचे नाही, कारण मालकाला बोलू दिले तर चेहरा सरासरी अडीच पदव्यांनी वर चढतो असा अनुभव आहे. (कोषाध्यक्षांचा एक साबणवाला दोन बैठकांत राजपुत्र झाला होता.) आणि पदक उमरावाचे असून जगात एकमेव निघाले, तर ते मंडळाच्या लोखंडी कपाटात जमा होते व मालकाला प्रमाणपत्र मिळते. हा नियम एकमताने मंजूर झाला, कारण एकमेव पदक कोणाकडेच नव्हते.

माझ्याकडे एक होते. माझी बायको क्रेसेन्झ, घरात झेन्झी, गेल्या मार्चमध्ये वारली. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा माझ्या चुलतभावाने तिचे पदक ओतून दिले होते. तो चर्चच्या घंटा ओततो. एका बाजूला ती. मागे डुक्कर आणि सुरी, कारण सासरे खाटीक. नाव कोरायला घेतले आणि पहिल्या अक्षरावरच, म्हणजे ‘के’वर, त्याला कंटाळा आला. पदक आमच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर खिळ्याला असे. ती गेल्यावर मी ते कोटाच्या खिशात बाळगू लागलो. त्या गुरुवारी त्याच खिशात शिशाचा एक ड्यूकही होता, आणि चष्मा घरी राहिला होता. ड्यूक खिशात राहिला. झेन्झी तबकात गेली.

मी तोंड उघडणार तोच लाम्पलनी ओठांवर बोट ठेवले. नियम म्हणजे नियम.

“काय नाक आहे हो!” डॉक्टर म्हणाले.

“हे नाक बाजारात जात नाही,” लाम्पल म्हणाले. “या नाकासाठी बाजार घरी येतो.”

(ती रोज सकाळी दोन पिशव्या घेऊन बाजारात जात असे.)

पुढचे निष्कर्ष भराभर निघाले. वरचा काळपट थर चारशे वर्षांचा. (चरबीचा होता, आमच्याकडे तळण फार व्हायचे.) वरचे भोक साखळीसाठी, म्हणजे बाई दरबारात पदक गळ्यात घालून वावरत. डुक्कर म्हणजे रानडुक्कर, एबर्सग्रुंडच्या काउंट घराण्याचे चिन्ह. सुरी म्हणजे तलवार; आखूड का, तर बाईमाणसाच्या हाताला झेपली पाहिजे. ‘के’ म्हणजे काथारीना की कुनिगुंडे यावर मात्र दोन तट पडले, खुर्च्या सरकल्या, आणि खानावळवाल्याने बिअर बंद करण्याची धमकी दिल्यावर कुनिगुंडे निवडून आली. कुनिगुंडे, एबर्सग्रुंडची काउंटेस. घराणे निर्वंश. पदक जगात एकमेव.

टाळ्या झाल्या. झेन्झी कपाटात गेली. मला प्रमाणपत्र मिळाले.

आता बोलायची मुभा होती. मी म्हणालो, “ती माझी बायको आहे.”

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वेंडेलिन, अरे, होतं असं. माझंही एका ड्यूकच्या विधवेशी सहा वर्षं जमलं होतं. आमच्या हिला सगळं माहीत आहे.”

“डॉक्टर, तिचे वडील खाटीक होते.”

“कुनिगुंडेचे?” लाम्पल उभेच राहिले. “जिभेला काही हाड? चारशे वर्षांपूर्वी असं बोलला असतात तर मुंडकं गेलं असतं!”

शिवाय नवरा हा हितसंबंधी साक्षीदार ठरतो, असेही त्यांनी दाखवून दिले. मला फक्त ती परत हवी होती, आणि मंडळाच्या घटनेत ‘हवी’ या कारणाची तरतूद नाही.

मी मेहुणीकडे गेलो. वाल्बुर्गा बाजारात सॉसेज विकते.

“काउंटेस? आमची झेन्झी?” हातातला चिमटा तिने खाली ठेवला. “भाऊजी, आमच्या घराण्यात पदवी मिळाली ती एकट्या बैलाला. तीसुद्धा जत्रेत. थांबा, मीच येते. तिचं नि माझं थोबाड एकच आहे. बघू दे त्यांना.”

पुढच्या गुरुवारी ती ॲप्रनसकट आली. डॉक्टरांनी तिला भिंतीशी उभे केले, बाजूने दिवा धरला आणि कवळीचे माप घ्यायचा कंपास घेऊन तिचे नाक मोजले. मग पदकावरचे मोजले. मग पुन्हा तिचे. मग त्यांनी एक गुडघा टेकला.

“घराणं निर्वंश नाही,” ते म्हणाले.

“अहो उठा, फरशी गार आहे,” वाल्बुर्गा म्हणाली.

त्यांना उठवायला दोन सभासद लागले. उरलेले पंधरा जण माना लववून उभे होते. (सोळावा मी. मान माझीही खाली होती, पण कारण वेगळे.)

“काउंटेस, आपले वडील...?”

एकच शब्द पुरे होता. ‘खाटीक’ म्हटले की झेन्झी माझी. वाल्बुर्गाने त्या सगळ्या टकलांवरून एकदा नजर फिरवली. लाम्पलनी तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

“वडील,” ती सावकाश बसत म्हणाली, “शिकारीच्या बाजूचे होते.”

“हे काय बोललीस?” मी तिच्या कानात म्हणालो.

“भाऊजी, जन्मात मला कोणी खुर्ची ओढून दिली नव्हती. जरा गप बसा ना.”

पण शास्त्र हे शास्त्र असते. वारस सापडला म्हणजे पदक वारसाचे, हे लाम्पलनाच सुचले आणि सुचल्याबरोबर त्यांना वाईट वाटले. कपाट उघडले. वाल्बुर्गाने पदक ॲप्रनला खसाखसा पुसले. चारशे वर्षे एका हातात निघून गेली. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. तिने ते माझ्या तळहातावर ठेवले.

“हे यांच्याकडे राहील.”

“हे आपले कोण?” लाम्पलनी विचारले.

“आमचे दरबारी,” वाल्बुर्गा म्हणाली. तशी नोंद आहे.

झेन्झी आता पुन्हा शेगडीच्या वर आहे. एकच अट पडली: दर रविवारी मंडळाला दर्शन. माझ्या स्वयंपाकघरात चार माणसे मावतात. अठरा येतात, काउंटेस वेगळ्या. एकाने सिंकमध्ये बसून टिपणे काढली आहेत. प्लमचा केक मी करतो, तो करपतो, करपलेला केक हा एबर्सग्रुंड दरबाराचा रिवाज असल्याचे सिद्ध झाले आहे. तीन शोधनिबंध निघाले: एक नाकावर, एक आखूड तलवारीवर, एक डुकराच्या शेपटीवर. चौथा कुनिगुंडेच्या नवऱ्यावर होता. त्याच्याविषयी कसलाही पुरावा मिळत नाही, सबब तो बहुधा नव्हताच, असा निष्कर्ष लाम्पलनी माझा चष्मा मागून घेऊन वाचून दाखवला. मीही टाळ्या वाजवल्या.

मंडळाने झेन्झीबद्दल विचारायचे काही बाकी ठेवलेले नाही. घराणे, चिन्ह, धातू, वजन, नाकाचा कोन. ती कशी होती, तेवढे विचारायचे राहून गेले.

वाचकांनी मंडळाला हसू नये. तुम्हीही इथवर आलात ते काउंटाची ठरते की खाटकाची राहते एवढेच पाहत, आणि मधे एकदाही तो प्रश्न तुम्हाला पडला नाही. सभासद होण्यास आमच्याकडे याहून वेगळी पात्रता लागत नाही. येत्या गुरुवारी तुमचे नाव सुचवतो.